सावकाश जुळलेले : मराठी प्रेमकादंबरीच्या अभ्यासाला प्रस्तावना

आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म १९०१ साली मूर्तिजापूरला झाला आणि कुसुम जयवंत यांचा १९०४ साली अमरावतीला. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात. तिथून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काही स्थानकांनंतर बडनेरा येते आणि बडनेऱ्याला उतरले की अमरावती जवळच. इतक्या लगतच्या गावांतली ही दोन माणसे एकमेकांना भेटली ती मात्र पुण्यात, शिक्षणासाठी गेल्यावर. १९२२ पासून त्यांची पत्रे सुरू झाली. जाती वेगळ्या, घरचे वळण वेगळे आणि दोघांचेही शिक्षण अजून व्हायचे होते. कुसुमने नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली, पुढे लंडनच्या वेस्टफील्ड महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला. लग्न झाले ते १९२९ साली. या काळातली त्यांची १९२७ पर्यंतची पत्रे १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आली.

मराठी वाचक या दोघांना कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे म्हणून ओळखतो. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९५३ आणि १९५४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेला ‘मराठी कादंबरी’ हा ग्रंथ कुसुमावतींचा. ज्या बाईने सात वर्षे पत्रांतून, दुराव्यातून आणि घरच्यांच्या नापसंतीतून एक नाते जपले, तिनेच पुढे मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी इतिहास लिहिला. प्रेमकादंबरीचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे मला मनापासून वाटते. एकात प्रेम जुळत जाताना दिसते, दुसऱ्यात कादंबरी घडत जाताना दिसते, आणि दोन्हीकडे घाई कुठेच नाही.

ही प्रस्तावना अशा घाई नसलेल्या प्रेमकादंबरीसाठी आहे. दोन माणसे स्वभावाने, संस्काराने, बोलण्या-वागण्याने एकमेकांच्या अगदी उलट. पहिल्याच भेटीत खटका उडतो. मग कामामुळे, शेजारामुळे किंवा एखाद्या जबाबदारीमुळे त्यांना एकमेकांच्या आसपास राहणे भाग पडते. मत हळूहळू बदलत जाते. वाचकाला त्यांच्या मनातले त्यांच्याआधी कळते आणि तरीही तो पुढची दोनशे पाने आनंदाने थांबतो. हा प्रकार जगभर लोकप्रिय आहे, मराठीतही त्याचा वाचक मोठा आहे. विद्यापीठीय अभ्यासात मात्र त्याला अजून हक्काची जागा मिळालेली नाही. ती मिळावी आणि त्या कामात तरुण अभ्यासकांनी, विशेषतः आमच्या वऱ्हाडातल्या मुला-मुलींनी उतरावे, म्हणून हे लेखन.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या कादंबरीत विलंब हाच मुख्य विषय असतो. दोन विरुद्ध स्वभावांना जवळ यायला वेळ लागतो, कारण समोरचे माणूस वाचायला वेळ लागतो. विलंबाच्या त्या दिवसांत नेमके काय घडते, याचा शोध घेणे हे आपल्या अभ्यासाचे पहिले काम.

एक उदाहरण घेऊ. समजा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासणारी एक शास्त्रज्ञ आहे. कमी बोलणारी, नोंदींवर विश्वास ठेवणारी. समजा, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला एक शेतकरी आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातले पाणीच खारे. विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला चालत नाही. तो बोलघेवडा, रागीट आणि बापाच्या अनुभवावर चालणारा. पहिल्या भेटीत तो मातीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठीशिवाय आणून टेबलावर ठेवतो. ती तो परत करते. तो म्हणतो, “मॅडम, आमची माती आमाले मालूम हाय.” ती म्हणते, “मग तपासायला का आणली?”

पुढच्या वेळी तो कापडी पिशवी आणतो. त्यात चिठ्ठी : गट क्रमांक, किती खोलीवरून घेतली, तारीख. त्याच्या पुढच्या वेळी मागचे पीक कोणते होते तेही लिहिलेले. तिने न सांगता. आणि एक दिवस ती त्याला विचारते की पहिल्या पावसानंतर तुमच्या वडिलांना वाफसा आला हे कसे कळते? तो सांगतो : मूठभर माती दाबून बघायची. त्या संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून परतताना रस्त्याकडेच्या शेताजवळ थांबते आणि मूठभर माती हातात घेते. तोवर प्रेमाचा उच्चारही झालेला नाही. कदाचित अजून शंभर पाने होणार नाही. पण त्याच्या चिठ्ठीत तिची शिस्त आली आहे आणि तिच्या मुठीत त्याची माती. चांगली संथ प्रेमकादंबरी अशा देवघेवीतून उभी राहते. शेवटी होणारा कबुलीजबाब ही केवळ पोच असते. व्यवहार आधीच झालेला असतो.

मराठी कादंबरीकाराच्या हाताशी या कामासाठी एक खास साधन आहे : संबोधन. ‘मॅडम’पासून ‘तुम्ही’पर्यंत, ‘तुम्ही’पासून ‘तू’पर्यंतचा प्रवास कधी एका वाक्यात होतो, कधी अख्ख्या कादंबरीत होत नाही. कोणी पहिल्यांदा ‘तू’ म्हटले, चुकून म्हटले की जाणून, आणि समोरच्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले का, इकडे अभ्यासकाने बारीक लक्ष द्यावे. वऱ्हाडी बोलणारे पात्र आणि पुणेरी प्रमाण मराठी बोलणारे पात्र समोरासमोर आले की हा खेळ आणखी रंगतो, कारण एकाच्या मोकळेपणाला दुसरा उद्धटपणा समजतो.

जगाच्या साहित्यात या प्रकाराचा मानदंड म्हणून जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’कडे बोट दाखवतात. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती कादंबरीच्या मध्यावर, आणि नायिका एलिझाबेथ ती धुडकावते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक पत्र देतो. ती ते वाचते, पुन्हा वाचते, शब्द न् शब्द तपासते, आणि वाचता वाचता तिचे स्वतःबद्दलचेच मत बदलते. तिथून पुढचा सारा अर्धा भाग त्या पुनर्वाचनाचा परिणाम आहे. माणूस दुसऱ्यांदा वाचायला शिकणे, हा धडा ऑस्टिनने कादंबरीला दिला.

आपल्या प्रदेशाला मात्र ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. विदर्भाच्या दोन राजकन्या भारतभर गाजल्या. रुक्मिणी कौंडण्यपूरची, हे गाव अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. तिने कृष्णाला न पाहताच, केवळ कीर्ती ऐकून निरोप धाडला, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले अशी इथली श्रद्धा आहे. ती एका निर्धाराची, वेगाची कथा. महानुभाव कवयित्री महदंबेने रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. मराठीतली आद्य कवयित्री विवाहगीतांतून, म्हणजे प्रेमकथेतूनच बोलू लागली, आणि तेही आमच्या मोर्शी तालुक्यात, याचा अभिमान का बाळगू नये?

दुसरी दमयंती. तिच्या कथेचा पूर्वार्ध हंसाच्या मध्यस्थीचा, स्वयंवराचा. तो सर्वांना आठवतो. अभ्यासकाने उत्तरार्धाकडे जावे. वनात सोडून गेलेला नल, रूप पालटून, बाहुक नावाचा सारथी होऊन तिच्या माहेरी येतो. दमयंती त्याला चेहऱ्यावरून ओळखू शकत नाही. ती दासीला पाळतीवर ठेवते, त्याने रांधलेले अन्न मागवते, चाखते, आणि चवीवरून तिला कळते की हा नलच. एका घासाने ओळख पटावी इतके ते माणूस तिच्या सवयीचे झाले होते. रूपाची भूल एका क्षणात पडते. हाताची चव ओळखायला संसार करावा लागतो. संथ प्रेमकथेचे सारे तत्त्व मला या प्रसंगात दिसते.

आधुनिक मराठी कादंबरीत हे तत्त्व आले ते लग्नानंतरच्या प्रेमाच्या रूपाने. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. ती आपण विधवेच्या दुःखाची कहाणी म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यातला यमू आणि रघुनाथराव यांचा मुंबईचा संसार पुन्हा वाचावा. लहानपणी लग्न झालेली, एकमेकांना जवळजवळ अनोळखी असलेली ही दोघे शिकण्या-शिकवण्यातून मित्र होत जातात. ज्या समाजात निवड आधी आणि ओळख मागाहून, तिथे सावकाश जुळणाऱ्या प्रेमाला लग्नानंतरचाच काळ मिळणार. हेच हरिभाऊ १९१२ साली अकोल्याला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढे ना. सी. फडक्यांनी लग्नाआधीचे प्रेम कादंबरीच्या मध्यभागी आणले आणि वाचकवर्ग मोठा केला.

त्याच सुमारास वऱ्हाडातून आलेल्या लेखकांनी या विषयाला वेगळी खोली दिली. गीता साने मूळच्या वाशीमच्या, त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातल्या. १९३६ च्या ‘निखळलेली हिरकणी’पासून त्यांनी शिकलेल्या स्त्रीला पुरुषाच्या प्रेमाकडे आणि लग्नाच्या चौकटीकडे डोळसपणे पाहायला लावले. जोडीदार निवडताना आपले स्वत्व किती द्यायचे आणि किती राखायचे, हा आजच्या प्रेमकादंबरीतला प्रश्न त्यांनी तेव्हा उभा केला.

विश्राम बेडेकर अमरावतीचे, जन्म १९०६. त्यांची १९३९ ची ‘रणांगण’ ही आपल्या विषयाची उलटी बाजू आहे आणि म्हणूनच अत्यावश्यक आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा प्रेमभंगाने कडवट झालेला हिंदी तरुण आणि हर्टा ही नाझींच्या छळातून निसटलेली ज्यू तरुणी भेटतात. देश, धर्म, भाषा, भूतकाळ, सारे भिन्न. सावकाश उमलावे असे हे नाते, पण वेळ मात्र मुंबई येईपर्यंतचाच. तो उतरतो, ती पुढे जाते, आणि शेवट समुद्रात होतो. एकमेकांना ओळखायला लागणारा काळ ही किती मोठी चैन आहे आणि युद्ध, सत्ता, वंशद्वेष ती माणसाकडून कशी हिरावून घेतात, हे ‘रणांगण’इतके थेट मराठीत दुसऱ्या कादंबरीने क्वचितच सांगितले असेल.

परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडी बोलीला कादंबरीभर नांदवले आणि कोकणातल्या ‘शितू’मध्ये मनातल्या मनात जळत राहिलेले प्रेम लिहिले. शितू बालविधवा, विसूवरचा तिचा जीव शेवटपर्यंत समाजाच्या भीतीखाली दबलेला राहतो. तिथे विलंब संपतच नाही. आणि अमरावतीत राहून लिहिलेल्या उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक आणि महादेव हे विरुद्ध स्वभावांचे नवरा-बायको आहेत, ती जिद्दीची, तो कच खाणारा. काळ त्यांना जवळ आणत नाही. ‘धग’ ही प्रेमकादंबरी नाही, पण प्रेमकादंबरीच्या अभ्यासकाने ती वाचलीच पाहिजे. विरोधी स्वभाव एकत्र आले की आपोआप गोडी निर्माण होते, हा भाबडा समज ती कायमचा घालवते. आकर्षणाला आदराची जोड मिळाली तरच विरोध फलद्रूप होतो.

शेळक्यांच्या निमित्ताने एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी ‘धग’खेरीज लोकप्रिय कादंबऱ्या विपुल लिहिल्या. समीक्षेने ‘धग’ डोक्यावर घेतली आणि उरलेल्यांकडे पाठ फिरवली. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, चंद्रकांत काकोडकर यांच्या वाट्यालाही असेच आले. या कादंबऱ्या वाचनालयांतून घरोघर गेल्या. अमरावतीचे नगर वाचनालय असो, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय असो की तालुक्याच्या गावचे दोन कपाटांचे ग्रंथालय. तिथल्या जुन्या प्रती हातात घेऊन पाहाव्यात. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के, पुठ्ठा नव्याने बांधलेला, कडा काळवंडलेल्या, आणि एखाद्या पानावर पेन्सिलीने ओढलेली रेघ. अशी रेघ कोणत्या वाक्याखाली आहे ते पाहावे. बहुधा ती प्रेमाच्या कबुलीखाली नसते. ‘त्याने ऐकून घेतले’ अशा साध्या वाक्याखाली असते. ऐकून घेतले जाणे ही किती वाचकांची भूक होती, याचा तो पुरावा आहे.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ लिहिताना वाचकांच्या अशाच भुकेचा शोध घेतला : प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या एका गावातल्या बायकांना गाठून त्या का वाचतात हे विचारले. उत्तरांतून दिसले की वाचनाचा तो तास हाच त्यांचा स्वतःचा वेळ होता. त्या तासाला त्या कोणाची आई किंवा बायको नसत. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये या प्रकाराच्या घडणीचा अभ्यास मांडला आणि अडथळा व उलगडा यांना त्यात मोलाचे स्थान दिले. ही पुस्तके जरूर अभ्यासावीत. मात्र त्यांचे साचे जसेच्या तसे वऱ्हाडावर बसवू नयेत. तिकडच्या कादंबरीत अडथळा बऱ्याचदा मनाचा असतो : अहंकार, गैरसमज, जुनी जखम. आपल्याकडे मनाच्या अडथळ्यामागे जात उभी असते, एकराचा हिशेब असतो, धाकट्या बहिणीचे लग्न असते, कापसाचा भाव असतो. अनिल आणि कुसुमावती यांनी वाट पाहिली ती स्वभाव जुळावेत म्हणूनच केवळ नाही. त्याच दशकात, १९२७ साली, अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, तेव्हाही प्रश्न दोन मनांपुरता नव्हता. मराठी संथ प्रेमकादंबरीचा अभ्यास हा म्हणूनच समाजाचाही अभ्यास आहे.

नव्या अभ्यासकाने कोणतीही प्रेमकादंबरी हाती घेतली की तीन प्रश्न विचारावेत. पहिला : या दोघांमध्ये नेमके काय आड येते, आणि ते खरे आहे की लेखकाने पाने वाढवण्यासाठी आणले आहे? एका फोनने मिटणारा गैरसमज तीनशे पाने ताणला असेल तर वाचक रागावतो, आणि तो बरोबर असतो. दुसरा : थांबण्याच्या काळात दोघांत काय बदलले? एकच जण बदलत असेल आणि दुसरा जागचा हलत नसेल, तर ती शरणागती झाली, जुळणे झाले नाही. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : वाट पाहण्याची किंमत कोण मोजते? बहुतेक वेळा ती बाई मोजते. तिचे वय मोजले जाते, त्याचे मोजले जात नाही. गौरी देशपांडे यांच्या कादंबऱ्या, त्यांतही जपानी पुरुषाशी जुळलेल्या नात्याची ‘तेरुओ’, या प्रश्नाला निर्भयपणे भिडतात म्हणून त्या आजही ताज्या आहेत.

आजचे क्षेत्रही मोकळे आहे. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठीत मोबाइलवर भागांमागून भाग लिहिले आणि वाचले जात आहेत, त्यांत संथ, विरुद्ध स्वभावांच्या प्रेमकथांना मोठी पसंती आहे. ‘करमणूक’च्या वाचकाप्रमाणेच हा वाचकही पुढच्या भागाची वाट पाहतो. क्रमशः लिहिण्याने विलंबाची लय कशी बदलते, वाचकांच्या प्रतिक्रियांनी नायिकेचा स्वभाव बदलतो का, वऱ्हाडी बोलणारा नायक विनोदी पात्र न होता प्रेमिक म्हणून कुठे दिसतो, असे किती तरी विषय अभ्यासकाची वाट पाहत आहेत. त्यांतला शेवटचा मला सर्वांत जिव्हाळ्याचा. ‘धग’ने आणि ‘पूर्णामायची लेकरं’ने दाखवून दिले की या बोलीत दुःख पेलण्याची ताकद आहे, तिच्यात हळवेपणाही तितकाच पेलतो, हे सिद्ध करणाऱ्या कादंबऱ्या शोधायच्या आहेत आणि लिहायच्याही आहेत.

कोणी विचारेल, इतक्या गंभीर अभ्यासाला प्रेमकादंबरी पुरेल का? एखादी कादंबरी आपल्याला आवडते, आपण तिच्यात गुंततो, रात्री उशिरापर्यंत जागतो, या अनुभवाची लाज वाटण्याचे कारण नाही. अभ्यासाची सुरुवात त्या गुंतण्यातूनच होते. पहिल्या वाचनात जीव जडू द्यावा. दुसऱ्या वाचनात तो का जडला हे पाहावे. आवडलेल्या पुस्तकाला कठीण प्रश्न विचारल्याने ते दुरावत नाही, उलट अधिक जवळचे होते, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. म्हणून आधी ‘कुसुमानिल’ वाचा, मग ‘रणांगण’, मग ‘धग’, आणि त्यांच्या जोडीला तुमच्या आईने किंवा आजीने वाचनालयातून आणलेली, कुणीही समीक्षा न लिहिलेली एखादी कादंबरी. तिचे परीक्षण तुम्ही लिहा. या विषयाला आता वाचणाऱ्यांइतकीच लिहिणाऱ्यांची गरज आहे, आणि तुमचे स्वागत आहे.